घरशाळेतली भावंडे आणि अध्ययनशैलीचा समज

एकाहून अधिक मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांना मुलांमधला फरक पहिल्या महिन्यातच जाणवतो. थोरलीच्या हाती पुस्तक दिले की ती तासभर जागची हलत नाही. मधल्याला वाचायचे नाव नको, पण सांगितलेली गोष्ट तो बारकाव्यांसह लक्षात ठेवतो. धाकट्याला हाताने काही केल्याशिवाय चैन पडत नाही. या निरीक्षणांत खोटे काही नाही. त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र तपासून घ्यावा लागतो. थोरली ‘दृक्’, मधला ‘श्राव्य’, धाकटा ‘कृतिशील’ अशी नावे पडतात आणि प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवायचे ठरते. मग अपूर्णांकाचा एकच धडा तीन तऱ्हांनी तयार होतो: एकीसाठी रंगीत तक्ते, दुसऱ्यासाठी ध्वनिफीत, तिसऱ्यासाठी कागदाचे तुकडे. घरात शिकवणारे माणूस बहुधा एकच, आणि ते बहुधा आईच असते. तिचा दिवस या तयारीत संपतो आणि शिकवायला वेळ उरत नाही. ही सगळी मेहनत चुकीच्या जागी होते. मुलांमध्ये फरक असतो आणि तो मोठा असतो, पण तो डोळे, कान आणि हात यांच्या वाटणीचा नसतो.

अध्ययनशैलीची कल्पना एका माणसाची नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकेत आणि इंग्लंडात अशा वर्गवाऱ्या भराभर निघाल्या. २००४ मध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात त्यांची मोजदाद केली, तेव्हा निरनिराळ्या ७१ पद्धती सापडल्या. कोणी मुलांचे दोन गट पाडत होते, कोणी चार, कोणी त्याहून अधिक. आज पालकांच्या तोंडी असते ती पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि करणारे ही विभागणी. ती न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या प्रश्नावलीमुळे रूढ झाली. कॉलीन मिल्स यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९९२ चा. हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ मधला बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धान्तही याच खात्यात टाकला जातो. गार्डनर यांनी स्वतः मात्र आपला सिद्धान्त आणि अध्ययनशैली या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले आहे.

शैलीचा दावा खरा की खोटा हे ठरवण्याची रीत सोपी आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मुलांना आधी ‘पाहणारी’ आणि ‘ऐकणारी’ अशा दोन गटांत वाटायचे. मग प्रत्येक गटातल्या निम्म्या मुलांना चित्रांतून आणि निम्म्यांना ऐकवून तोच मजकूर शिकवायचा; कोणाच्या वाट्याला काय येईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्यायची. पाहणारी मुले चित्रांनी जास्त शिकली आणि ऐकणारी ऐकून जास्त शिकली, तरच दावा टिकला म्हणायचे. दोन्ही गट एकाच पद्धतीने जास्त शिकले, तर ती पद्धत सरसकट चांगली एवढेच सिद्ध होते, आणि गट पाडण्याला अर्थ उरत नाही. हॅरल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनिअल, डग रोरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन या कसोटीवर घासून पाहिले. कसोटीनुसार रचलेले प्रयोगच मोजके निघाले, आणि त्यांत दाव्याला आधार देणारा पुरावा जवळजवळ नव्हता. तरीही २०१२ मध्ये इंग्लंड आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांना विचारले, तेव्हा दर दहांपैकी नऊहून अधिक जणांचा शैलीवर विश्वास होता.

हा विश्वास टिकतो त्याचे कारण उघड आहे. आवड सगळ्यांनाच असते आणि ती डोळ्यांना दिसते. चित्रे आवडणारे मूल चित्रांपाशी रमते. रमले म्हणजे शिकले असे पाहणाऱ्याला वाटते. आवड आणि शिकणे यांचा संबंध आहे, पण तो इतका सरळ नाही. शिवाय कोणता मार्ग घ्यायचा हे बऱ्याचदा विषयच ठरवतो. सह्याद्रीच्या कोणत्या बाजूला कोकण आणि कोणत्या बाजूला देश, हे कळायला नकाशा पाहावाच लागतो, मूल कितीही ‘श्राव्य’ असो. भुजंगप्रयाताची चाल कानांवर पडल्याशिवाय लघु-गुरूच्या खुणांना जीव येत नाही. पोहायला पाण्यात उतरावे लागते. आणि बहुतेक विषयांत शब्द आणि चित्र यांची जोड सगळ्याच मुलांना उपयोगी पडते. चित्र एकाला आणि शब्द दुसऱ्याला अशी वाटणी केली, की दोघांचेही अर्धे नुकसान होते.

भावंडांमध्ये या लेबलांचा आणखी एक तोटा होतो. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाने लावलेले लेबल वर्षाअखेरीस सुटते. घरात ते चिकटून राहते, कारण रोज तुलनेला दुसरे मूल समोर असते. ‘ताई वाचणारी’ म्हटले की ‘मी न वाचणारा’ हा अर्थ धाकट्याच्या मनात आपोआप तयार होतो. एकाच घरातली मुले एरवीही आपापली वेगळी जागा शोधत असतात. पालकांनी त्या जागांना शास्त्रीय वाटणारी नावे दिली की त्या कायमच्या होतात.

सर्वांत मोठी हानी मात्र अशी, की लेबल खरी अडचण झाकते. देवनागरीत वाचायला शिकताना कठीण टप्पा येतो तो जोडाक्षरांचा. त्यात ‘र’ मुलांना विशेष छळतो. ‘क्रम’मध्ये तो अक्षराच्या पोटात तिरप्या रेघेसारखा बसतो, ‘कर्म’मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन जातो, ‘राष्ट्र’मध्ये ‘ट’च्या खाली काकपद होतो, आणि ‘दऱ्या’मध्ये त्याला खास मराठीचे वेगळे रूप मिळते. शिवाय ‘कि’मधली वेलांटी लिहायची आधी आणि बोलायची नंतर. आठ वर्षांचा एखादा मुलगा ‘क्रम’ आणि ‘कर्म’ सारखेच वाचतो, दोन ओळींनंतर कंटाळतो आणि पुस्तक मिटतो. गोष्ट वाचून दाखवली की मात्र त्याचे डोळे चमकतात. घरचे म्हणतात, हा ऐकणारा आहे. आणि त्याला सगळेच वाचून दाखवू लागतात. वाचून दाखवणे चांगलेच आहे, पण त्यामुळे जोडाक्षरांचे अडलेले गाडे पुढे सरकत नाही, आणि अकराव्या वर्षी तोच मुलगा इतिहासातही मागे पडतो, भूगोलातही. त्याला ‘प्रकाश, सूर्य, राष्ट्र, दऱ्या’ असे दहा-बारा शब्द श्रुतलेखनाला घातले असते, तर पाच मिनिटांत अडचण कळली असती. ती नुसती सरावाच्या अभावाची असेल, तर काही आठवड्यांत सुटते. पद्धतशीर सराव करूनही महिनोन्‌महिने अक्षरांची उलटापालट होत राहिली, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी लागते. ही वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय निदानाची बाब आहे, शैलीची नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

तर मुलांमधला खरा फरक कोणता? पहिला आणि सर्वांत वजनदार फरक म्हणजे मुलाला आधीपासून काय येते. ज्याला भागाकार पक्का येतो त्याला अपूर्णांक दोन दिवसांत कळतात. ज्याला येत नाही त्याला कागदाच्या कितीही घड्या घालून दाखवल्या तरी कळत नाहीत. यासाठी सर्वांत भक्कम पुरावा मुंबईतूनच आला आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि बडोद्यातल्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच शिकलेली तरुणी, आणि तिच्याकडे तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले दिवसातून साधारण दोन तास. ती त्यांना वर्गाचे पुस्तक न शिकवता, ती जिथे होती तिथून वाचन आणि अंकगणित शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली या कामाची मोजणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि ती सर्वाधिक होती मागे पडलेल्यांतच. पुढे ‘प्रथम’ने हीच दिशा धरून मुलांचे गट वयाऐवजी पातळीनुसार पाडायला सुरुवात केली. कोण पाहून शिकते आणि कोण ऐकून, हे तिथे कोणी विचारले नाही. कोणाला अक्षर येते, कोणाला शब्द, कोणाला उतारा, एवढेच पाहिले.

घरशाळेला हे तत्त्व शाळेपेक्षा सोपे जाते, कारण तिथे इयत्ता नावाची भिंत नसते. नऊ वर्षांची मुलगी गणितात सहावीचे करत असेल आणि शुद्धलेखनात दुसरीचे, तर तिला दोन्हीकडे जिथे आहे तिथून पुढे नेता येते. दुसरा फरक चिकाटीचा: किती वेळ एका जागी मन लागते. तो बराचसा वयाचा असतो आणि वाढवता येतो. तिसरा फरक ओढीचा. एखाद्याला किडे-मुंग्यांत रस, एखादीला यंत्रांत. ओढ हे शिकवण्याचे साधन म्हणून वापरायला हरकत नाही, पण तिच्यावर अभ्यासाची मर्यादा आखणे घातक आहे. ज्याची ओढ दिसत नाही तो विषय मुलाने अजून पुरेसा पाहिलेलाच नसतो, असे पुष्कळदा आढळते.

यावरून दिवसाची मांडणी ठरते. गणित, वाचन आणि लेखन ही पायऱ्यांची कौशल्ये; ती ज्याची त्याला स्वतंत्र शिकवावी लागतात. इतिहास, भूगोल, विज्ञान, गोष्टी, कविता हे विषय सगळ्यांना एकत्र शिकवता येतात. एकट्याची तासिका लांबवून फायदा नाही. शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या पद्धतीवर आजही जगभर अनेक घरशाळा चालतात. त्या लहान मुलांसाठी वीस मिनिटांच्या आतलाच पाठ धरत. तीन मुलांना गणितासाठी वीस-वीस मिनिटे दिली तर तासाभरात काम होते. खरी अडचण उरलेल्या दोघांची असते. एकाला शिकवताना दुसऱ्याला नवे काम दिले, की तो दर पाच मिनिटांनी वही घेऊन उभा राहतो आणि कोणाचीच तासिका धड होत नाही. म्हणून एकट्याने करायचे काम नेहमी येत असलेल्या गोष्टींच्या उजळणीचे हवे: कालचे पाढे, गेल्या आठवड्यातली हातच्याची वजाबाकी, महिन्यापूर्वीची कविता आठवून लिहिणे. ही केवळ सोयीची युक्ती नाही. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी दाखवून दिले, की तोच उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त येते. पाच मिनिटांनी पाहिले तर मात्र पुन्हा वाचणारेच पुढे वाटतात. ‘पुढचे पाठ, मागचे सपाट’ हे मराठी घरांतले जुने गाऱ्हाणे आहे, आणि त्याचे कारण या प्रयोगात सापडते. मेसन बाई मुलांना एकदाच वाचून दाखवत आणि लगेच आपल्या शब्दांत सांगायला लावत. तेही आठवून सांगणेच होते. हे सर्व मुलांना लागू पडते. त्यात दृक्-श्राव्य असा भेद करण्याची गरज पडत नाही.

एकत्र पाठ कसा चालतो, हे पावसाच्या मोजमापावरून पाहता येईल. सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा, आणि बाटली गच्चीवर मोकळ्या जागी ठेवायची. तळ सपाट नसतो, म्हणून आधी थोडे पाणी भरून तिथे शून्याची खूण करायची. रोज सकाळी साडेआठला मोजायचे, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हाच बदलतो. सहा वर्षांचा मुलगा पट्टी धरून आकडा वाचतो आणि तितके चौकोन रंगवतो. नऊ वर्षांची बहीण तक्ता भरते, दशांश चिन्ह मांडते, आठवड्याची बेरीज करते आणि वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून पाहते. तेरा वर्षांच्या मुलाला कळते, की एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. मग ६० चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पावसाचे १५०० लिटर झाले, आणि ते कुठे गेले हा प्रश्न तो स्वतःच विचारतो. आजी मृग आणि आर्द्रा यांच्या पावसातला फरक सांगते तेव्हा तिघेही ऐकतात. साधन एकच, निरीक्षण एकच. काय करायचे ते ज्याच्या त्याच्या पातळीचे. तिघांनी पाहिले, ऐकले आणि केले.

मिश्र वयाचा गट ही तडजोड नाही, हे मॉन्टेसरी पद्धतीने शंभर वर्षांपूर्वीच दाखवले. रोममधल्या १९०७ च्या बालगृहात वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र होती; मोठ्यांचे काम पाहून लहान शिकत आणि लहानांना दाखवताना मोठ्यांचे पक्के होई. घरात हा लाभ आयता मिळतो, पण त्याबरोबर एक अन्यायही शिरतो. थोरल्या मुलाला, आणि त्यातही मुलीला, धाकट्यांची शिक्षिका करून टाकण्याचा मोह मोठा असतो. धाकट्याला एखादे उदाहरण समजावून सांगण्यात ताईचा फायदा आहे. रोज दोन तास त्याला सांभाळण्यात नाही. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा प्रश्न मुळापासून ओळखला होता. बोर्डी आणि नंतर कोसबाड इथे वारली मुलांमध्ये काम करताना त्यांना दिसले, की धाकट्या भावंडांना सांभाळायचे म्हणून मोठ्या मुली शाळेत येत नाहीत. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मोठ्या मुलीचा शिकण्याचा वेळ ही जपण्याची गोष्ट आहे, हे त्यांनी जितके स्पष्ट पाहिले तितके आजच्या सुस्थित घरांतही पाहिले जात नाही.

एकाच घरात, एकाच पद्धतीने शिकूनही मुले वेगळी होतात, याचे जगप्रसिद्ध उदाहरण बुडापेस्टच्या पोल्गार बहिणींचे. लास्लो आणि क्लारा पोल्गार या शिक्षक दांपत्याने सरकारी विरोध सोसून तिन्ही मुलींना घरी शिकवले, आणि बुद्धिबळ हा मुख्य विषय ठेवला. थोरली झुझा १९९६ मध्ये महिलांची जगज्जेती झाली. मधल्या झोफियाने १९८९ मध्ये, चौदाव्या वर्षी, रोमच्या स्पर्धेत नऊपैकी साडेआठ गुण मिळवून मोठमोठ्या खेळाडूंना मागे टाकले, पण पुढे तिने स्पर्धात्मक खेळाला तितके वाहून घेतले नाही. धाकटी युदित १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि पुढे पुरुषांसह जगातल्या पहिल्या दहांत पोहोचली. विषय, शिक्षक आणि घर तेच. फरक पडला तो भुकेचा आणि पुढे काय हवे याच्या निवडीचा. पोल्गारांचा प्रयोग चांगल्या शिकवण्याची ताकद दाखवतो. तिन्ही मुलींना एकाच वाटेवर नेणे योग्य होते का, हा प्रश्न मात्र या यशाने सुटत नाही.

तो प्रश्न अधिक टोचतो गांधीजींच्या घरात. १८९७ मध्ये ते दरबानला उतरले तेव्हा बरोबर दहा वर्षांचा भाचा आणि नऊ व पाच वर्षांचे दोन मुलगे होते. गोऱ्यांच्या शाळेत मेहेरबानीने मिळणारा प्रवेश त्यांना नको होता, मिशनच्या शाळा पटत नव्हत्या, आणि गुजरातीतून शिकवणारी सोय नव्हती. सात पौंड महिन्याने एक इंग्रज शिक्षिका ठेवली. बाकी शिकवणे स्वतःकडे. आत्मकथेत त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे, की मुलांना पुरेसा वेळ देता आला नाही आणि मुलांची त्याबद्दल तक्रार राहिली. १९१० नंतर टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी वेगवेगळ्या धर्मांच्या, भाषांच्या आणि वयांच्या मुलांना एकत्र शिकवले. तिथला त्यांचा अनुभव असा, की मुले डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक आणि कमी कष्टात घेतात. वाचणे त्यांना काम वाटे, ऐकणे आनंदाचे, आणि त्यांच्या प्रश्नांवरून किती कळले ते समजे. हे विधान त्यांनी सगळ्या मुलांबद्दल केले. अमुक मूल कानाचे आणि तमुक डोळ्याचे असे ते म्हणाले नाहीत. पण थोरल्या हरिलालला रीतसर शिक्षण हवे होते. १९११ मध्ये तो त्यासाठी घर सोडून भारतात परतला. बाकीच्यांना पटलेली व्यवस्था एका मुलाला पटत नसेल, तर त्याचे ऐकणे हे कोणत्याही शैलीपेक्षा महत्त्वाचे ठरते. सर्व भावंडांनी घरीच शिकले पाहिजे असा नियम नाही; एक शाळेत आणि दोन घरी, अशी घरेही नीट चालतात.

अशी निवड खुली ठेवायची तर प्रमाणपत्रांचा विचार आधीपासून करावा लागतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानतो. घरच्या शिक्षणाला त्यात स्वतंत्र स्थान नाही आणि पालकाला शिक्षेची तरतूदही नाही. दहावीसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म हा जुना मार्ग आहे, पण त्यात शाळा सोडल्याच्या दाखल्याची विचारणा होते, त्यामुळे शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला तो अडचणीचा जातो. अशा घरांचा कल राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे असतो. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवी यांच्या बरोबरीचे तीन स्तर आहेत. दहावीच्या परीक्षेसाठी पाच विषय पुरतात, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि विषय एकेक-दोनदोन करून देता येतात. वेगवेगळ्या गतीच्या भावंडांना ही सवलत फार उपयोगी पडते: गणितात पुढे असलेली मुलगी ते आधी देऊ शकते आणि भाषेला आणखी एक वर्ष घेऊ शकते. अध्ययन अक्षमतेचे निदान झालेल्या मुलाला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, पण त्यासाठी मान्यताप्राप्त शासकीय केंद्राचे प्रमाणपत्र लागते. तपासणीला पुष्कळदा अनेक खेपा घालाव्या लागतात, म्हणून ती परीक्षेच्या वर्षावर न ढकलता अडचण प्रथम दिसते तेव्हाच करून घेणे बरे.